बिनकड्याचा पाहुणा

आमच्या पाइन हॉलोत 'थांबा'ची पाटी एकच आहे, कब्रस्तानाच्या वळणावर. सगळे जण तिथे वेग जरासा कमी करतात आणि पुढे जातात. आर्लिस ब्रेक्के थांबते. पूर्ण थांबते. डावीकडे बघते, उजवीकडे बघते, दोन्हीकडे मक्याशिवाय काही नसतं, मग निघते. तिच्या मागे ट्रॅक्टर घेऊन अडकलो की मी जे पुटपुटतो ते छापण्यासारखं नाही.

मी नॉर्ब प्रोख्नाव, तिचा शेजारी. माझ्या गायी, तिचे कुत्रे, मध्ये एक तारेचं कुंपण. ती आयुष्यभर शाळेची बस चालवत होती आणि तिच्या बसमध्ये च्युइंगम खाल्लेलं एकही पोर आमच्या खोऱ्यात सापडणार नाही. नवरा पाल्मर पक्ष्यांच्या शिकारीचे कुत्रे शिकवायचा. तो गेला तेव्हा मागे दोन अर्धवट शिकलेले कुत्रे आणि लावऱ्यांनी, तितरासारख्या छोट्या पक्ष्यांनी, भरलेलं एक खुराडं राहिलं. आम्हाला वाटलं, विकून टाकेल. तिने सरकारी नियमांची पुस्तिका मागवली, चुलीजवळच्या खुर्चीत बसून ती पाठ केली, परीक्षा दिली आणि लावऱ्या पाळून त्यांच्यावर कुत्रे शिकवायचा परवाना काढला. मग कुत्रे शिकवायला घेतले. हा क्रम तिचाच. दुसऱ्या कुणीही आधी कुत्रा शिकवला असता.

आता तिच्याकडे मॅडिसनहून डॉक्टर येतात, वकील येतात, आपापली लाडावलेली कुत्री घेऊन. कुत्र्याच्या आधी मालकाला शिकवणी होते. मागे एक दातांचा डॉक्टर आला होता. नवीन गाडी, नवीन टोपी, नवीन बंदूक आणि खोक्यात कुठूनतरी विकत आणलेल्या लावऱ्या.

"यांच्या पायात कडी कुठायत?" आर्लिसने खोक्यात डोकावून विचारलं.

"कडी? अहो, आज संध्याकाळपर्यंत मरतीलच की त्या."

"मग मेल्यावर कोणी विचारलं, ही पाळलेली का रानची, तर काय सांगणार? तिचे दात तपासणार?"

"पण मिसेस ब्रेक्के, इथे बघायला आहे कोण?"

"मी आहे ना!" आर्लिस म्हणाली. "आणि ती बंदूक गाडीत ठेवा. रानात पक्षी अंड्यांवर बसलेत. या दिवसांत इथे फक्त आवाजाचं पिस्तूल उडतं."

डॉक्टर बिचारा लावऱ्यांसकट परत गेला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायांत कडी घालून आला. असे लोक तिला शिव्या घालतात आणि पुन्हा तिच्याकडेच येतात, कारण तिने शिकवलेला कुत्रा पक्ष्यापुढे उभा राहिला की अंगावर वीज पडली तरी हलत नाही.

तिचं काम बघायला मला आवडतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. गवताची पहिली कापणी झाली की माझं कुरण मी तिला देतो. सकाळी ती खुराड्यातून एक लावरी घेते, तिचं डोकं अलगद पंखाखाली सारते आणि हातातल्या हातात तिला गोल गोल झुलवते, तान्ह्याला झुलवावं तशी. लावरी गाढ झोपते. मग तिला गवताच्या बुंध्याशी ठेवायचं आणि कुत्र्याला वाऱ्याच्या उलट दिशेने आणायचं. टिली नावाची तिची पांढरी-तांबडी कुत्री धावता धावता एकदम थिजते. एक पाय वर, शेपूट ताठ, नाक गवताकडे. आर्लिस पायाने गवत हलवते, लावरी जागी होऊन फडफडत उडते, पिस्तूल वाजतं, पण कुत्री जागची हलत नाही. एवढंच शिकवायचं असतं. उडालेल्याच्या मागे धावायचं नाही, हे कुत्र्याला शिकवायला एक उन्हाळा लागतो. माणसं तर जन्मभर शिकत नाहीत.

उडालेल्या लावऱ्या संध्याकाळी आपणहून परत येतात, यातच सगळी खुबी आहे. खुराड्यात एक मादी ठेवलेली असते. ऊन कलतं तशी ती शीळ घालून हाका मारू लागते. कुरणभर पांगलेल्या लावऱ्या ती हाक ऐकून गवतातून तुरुतुरु चालत येतात आणि खुराड्याच्या तळाशी बसवलेल्या तारेच्या नरसाळ्यातून एकेक करून आत शिरतात. आत यायची वाट रुंद, बाहेर जायची अरुंद, त्यामुळे आलेली परत जात नाही.

लॅम्बर्ट कोलार असाच आला, असं आमचं सगळ्यांचं मत. चीजच्या कारखान्यात जन्म घालवलेला विधुर माणूस, हात फावड्याएवढे, आवाज मात्र लोण्यासारखा. एका संध्याकाळी तो आर्लिसला ताजं चीज द्यायला म्हणून आला, तिने कॉफी दिली, आणि तेव्हापासून तो रोज संध्याकाळी खुराड्यापाशी हजर. दाणे घालतो, पाणी बदलतो, आलेल्या लावऱ्या मोजतो; पक्ष्यांना हात मात्र लावायचा नाही, हा आर्लिसचा हुकूम. दरवर्षी सफरचंदं पिकली की तो तिला लग्नाचं विचारतो आणि दरवर्षी ती नाही म्हणते.

"का गं नाही म्हणतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"एक नवरा पुरला मी. पुन्हा तेच करायला अंगात त्राण नाही. आणि तुझी गाय माझ्या भाज्यांत शिरलीये, तिकडे बघ."

तिची मुलगी मेरिली शहरात राहते. भली आहे, पण काळजीखोर. आईने एकटीने या टेकडीवर राहू नये, आपल्या घराजवळच्या इमारतीत छोटीशी जागा घ्यावी, असं तिचं कायमचं टुमणं. त्या इमारतीत कुत्रे चालत नाहीत. शेवटी ईस्टरच्या जेवणात आर्लिसने सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "हे बघ मेरिली, परवाना आहे तोवर मी इथे. ज्या दिवशी परवाना गेला त्या दिवशी तू म्हणशील तिथे येईन. आता बटाटे इकडे दे."

मेरिलीने बटाटे दिले. आपली आई शब्द मोडत नाही हे तिला माहीत होतं, आणि परवाना जाणार नाही हेही माहीत होतं. आर्लिसचा परवाना जायचा म्हणजे पाद्र्याने देव सोडण्यापैकीच.

त्याच वसंतात आमचा जुना वॉर्डन निवृत्त झाला. शिकारीचे नियम पाळले जातात की नाही ते बघणारा सरकारी माणूस तो. पण आर्लिसकडे तपासणीला आला की पुस्तिका उघडायचासुद्धा नाही, बटाट्याच्या पोळीसारखे दोन लेफ्से खायचा आणि निघायचा. त्याच्या जागी जनेल स्किबा नावाची तरुण पोरगी आली. तिची कीर्ती तिच्याआधी पोहोचली: सख्ख्या काकाने एक मासा जास्त पकडला म्हणून तिने त्याला दंड ठोठावला होता, आणि तोसुद्धा थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर. गावाने नाक मुरडलं. आर्लिस तेवढी खूश झाली.

"शेवटी एक तरी शहाणं माणूस नेमलं सरकारने," ती म्हणाली.

जनेल शुक्रवारी सकाळी येणार होती. गुरुवारी संध्याकाळी आर्लिस चर्चमध्ये होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचं तळलेल्या माशांचं जेवण होतं आणि बटाटे सोलायचं काम तिच्या देखरेखीखाली होतं. खुराड्याकडे लॅम्बर्ट एकटाच होता. लावऱ्या परतल्या तशा त्याने मोजल्या, तर एक जास्त. त्याने पुन्हा मोजल्या. मग त्याला दिसलं की एका नराच्या पायात कडंच नाही.

आता रानच्या लावऱ्या आमच्याकडे उरल्यात कुठे? माझ्या लहानपणी कुंपणाकुंपणावर शीळ घालायच्या. आता कित्येक वर्षांत कुणी ऐकली नाही. त्यामुळे लॅम्बर्टच्या डोक्यात ती शंकाच आली नाही. त्याला वाटलं, कडं गळून पडलं असेल आणि मोजणीत आपणच चुकलो असू. तो नेहमीच चुकायचा. उद्या तपासणी, आर्लिस थकून येईल, तिला कशाला त्रास? हुकूम विसरून त्याने डब्यातून एक कडं काढलं, त्या जाड बोटांनी कसंबसं नराच्या पायात चढवलं, आणि चांगलं काम करून न सांगणाऱ्या माणसाच्या आनंदात घरी जाऊन झोपला.

शुक्रवारी मी कुंपण दुरुस्त करत होतो. खरं सांगायचं तर कुंपणाला काही झालेलं नव्हतं. तपासणी बघायची होती. जनेल आली. उंच, गंभीर, बुटांना चिखल. आर्लिसने तिला पुस्तिकेतली कलमं सांगितली, जनेलने त्यातल्या एकाची पुढची ओळ सांगितली, आणि दोघी एकमेकींकडे अशा बघू लागल्या की जणू लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणी. लॅम्बर्ट कॉफीचा थर्मास धरून मागे उभा होता.

"पक्ष्याला झोपवतात कसं, ते कधी पाहिलंयस?" आर्लिसने विचारलं.

"नुसतं ऐकलंय."

"बघ तर मग." तिने खुराड्यात हात घातला आणि हाताला आलेला पहिला पक्षी बाहेर काढला. तो नेमका तोच नर निघाला.

तिने त्याचं डोकं पंखाखाली सारलं, त्याने बाहेर काढलं. तिने पुन्हा सारलं, त्याने तिच्या अंगठ्याला चोच मारली. आर्लिस थांबली. तिने त्याला उलटा केला आणि शेपटी पसरून बघितली. खुराड्यातल्या लावऱ्यांची शेपटी तारेला घासून घासून झिजलेली असते. या पठ्ठ्याची पिसं शाबूत होती, नुकती इस्त्री केल्यासारखी.

हे सगळं बघायला एक क्षण पुरला. तिचा चेहरा मला कुंपणापलीकडूनही दिसत होता. ती काही बोलली नसती तर जनेलला काहीही कळलं नसतं. पायात कडं होतं, कड्यावर नंबर होता, पक्षी परत आत ठेवायचा की काम संपलं.

"हा माझा नाही," आर्लिस म्हणाली. "हा रानचा आहे."

जनेल पुढे आली. "पायात कडं आहे की."

"आहे खरं. पण मी घातलेलं नाही."

"मी घातलं!" लॅम्बर्ट ओरडलाच. त्याच्या हातातला थर्मास पडला. "आर्लिस, अगं, मला वाटलं आपलाच! कडं गळलंय असं वाटलं! देवाशप्पथ, मला काय माहीत तो पाहुणा आहे!"

"मेल्या लॅम्बर्ट," आर्लिस एवढंच म्हणाली, पण त्या आवाजाने टिली माझ्या कुंपणाखालून इकडे पळून आली.

जनेलने आधी पक्षी हातात घेतला. आणि त्या गंभीर पोरीचा चेहरा एकदम उजळला. "रानची लावरी," ती हळूच म्हणाली. "माझी आजी सांगायची. मी कधी पाहिली नव्हती." आर्लिस तिच्याजवळ सरकली आणि दोघी त्या पक्ष्याचा पांढरा गळा बघत राहिल्या. मग जनेलने छोट्या कैचीने कडं कापलं, हात उघडला, आणि तो कुरणावरून सरळ रेषेत उडून गेला. पाळलेला पक्षी असा उडत नाही.

मग जनेल वळली आणि पुन्हा वॉर्डन झाली.

"रानचा पक्षी आपणहून आत शिरला, तुम्ही कळवलंत, सोडला. तो गुन्हा नाही. पण कडं घालणं म्हणजे रानचा पक्षी आपला म्हणून दाखवणं. परवानेवाल्याच्या घरातल्या माणसाकडून चुकून झालं असेल, तर ताकीद देऊन सोडता येतं." तिने लॅम्बर्टकडे पाहिलं. "हे तुमच्या घरातले का, मिसेस ब्रेक्के?"

मी कुंपणावर ओणवा झालो होतो. म्हण हो, म्हण गं बाई, असं मी मनात घोकत होतो. लॅम्बर्ट रोज तिथे असतो, त्याचा मग तिच्या खिळ्याला टांगलेला असतो, त्याची पावसाळी टोपी तिच्या दारामागे असते. हो म्हणायला काय लागतं? जनेलसुद्धा वाट बघत होती, आणि माझी खात्री आहे, तिलाही 'हो'च ऐकायचं होतं.

"नाही," आर्लिस म्हणाली. "ते चीजच्या कारखान्यामागे राहतात."

"मग बाहेरच्या माणसाच्या हाती पक्षी दिल्याबद्दल परवाना रद्द करावा लागेल."

"करावाच लागेल. कलम मला पाठ आहे."

ती घरात गेली, भिंतीवरची चौकट काढली, परवाना बाहेर काढून जनेलच्या हातात ठेवला. पुसून ठेवला, हे मी पाहिलं. जनेल म्हणाली की पुढच्या शुक्रवारपर्यंत पक्षी दुसऱ्या कुणा परवानेवाल्याकडे द्यायला हवेत. तोवर दाणापाणी चालेल, शिकवणं बंद. जाताना तिने लेफ्सेही घेतला नाही. लॅम्बर्टला दंडसुद्धा झाला नाही, कारण कायद्याच्या लेखी सगळी जबाबदारी परवानेवालीची, तो तिथे नव्हताच.

दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. ती कपबशा कागदात गुंडाळत होती.

"हे काय चाललंय?"

"मेरिलीला फोन केला. पुढच्या शुक्रवारी ती गाडी घेऊन येतेय."

"आर्लिस, वेड लागलंय का तुला? ईस्टरला बटाटे वाढताना काहीतरी बोललीस, ते काय बायबलवर हात ठेवून बोललीस?"

"बोलले ना? झालं."

मला राग आला. मला तिचा अनेकदा राग येतो, पण तेव्हा खरोखरचा आला. "एक 'हो' म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो घरातलाच तर आहे!"

तिने कप खाली ठेवला. "नॉर्ब, तो माणूस मला दरवर्षी विचारतो, मी घरात येऊ का म्हणून. मी दरवर्षी नाही म्हणते. आणि आज माझ्या परवान्यावर आलं म्हणून त्या पोरीसमोर तो सोयीपुरता घरातला? असं कोणी माणसाला वापरतं का?" तिचे डोळे भरून आले, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण आमच्याकडे शेजाऱ्याने अशा वेळी खिडकीबाहेर बघायचं असतं.

लॅम्बर्ट त्या दिवसापासून गायब. माशांच्या जेवणाला नाही, रविवारी चर्चला नाही. लोक म्हणाले, लाजेने तोंड लपवून बसलाय. मी त्याच्या दारावर जाऊन आलो. आतून दिवा दिसत होता, दार काही उघडलं नाही. संध्याकाळी खुराड्यातली मादी हाका मारायची, आर्लिस पायरीवर बसून ऐकायची, आणि कारखान्याच्या रस्त्याकडे आपण बघत नाही आहोत असं दाखवत बसायची. सांगायला हरकत नाही, त्या आठवड्यात मलाही करमलं नाही. कुंपणापलीकडे आर्लिस नसेल तर मी भांडू कुणाशी?

शुक्रवार उजाडला. मेरिली आली. खोकी व्हरांड्यात रचलेली. टिलीला मी ठेवून घेणार होतो; मी गायींचा माणूस, पण म्हटलं बघू. तेवढ्यात जनेलची गाडी आली आणि तिच्यामागे लॅम्बर्टची. लॅम्बर्ट उतरला तो लग्नाकार्याचा कोट घालून, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन.

"पक्षी कुणाकडे द्यायचे ठरलं?" जनेलने विचारलं. चेहरा गंभीरच होता, पण जरा जास्तच गंभीर.

"अजून कुणी—" आर्लिस म्हणू लागली.

"माझ्याकडे," लॅम्बर्ट म्हणाला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "परवाना. काल परीक्षा दिली. आधीच्या दिवशीही दिली होती, त्यात नापास झालो."

"तू?" आर्लिस म्हणाली. "तुला त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर झोप लागते!"

"लागते ना. म्हणून उभ्याने वाचली. आठवडाभर स्वयंपाकघरात उभा होतो. पाय बघ, पोटऱ्या सुजल्यात."

मेरिली हसू दाबत होती. आर्लिसने चष्मा लावला आणि परवाना वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्कासुद्धा तपासला. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"खुराड्याचं ठिकाण माझं लिहिलंय."

"खुराडं तिथेच आहे, मग दुसरं काय लिहू?"

"पण परवानेवाल्याने खुराडं असेल तिथेच राहिलं पाहिजे. कलम आहे तसं."

"आहे. मलाही आता पाठ आहे." लॅम्बर्टने टोपी काढली. "आणि दुसरंही आहे, आर्लिस. पक्षी आता माझे. परवानेवाल्याच्या घरातल्या माणसाशिवाय कुणी त्यांना हात लावायचा नाही. तू जर माझ्या घरातली झालीस तर तुला लावता येईल. नाहीतर मी तुला खुराड्यापाशी येऊ देऊ शकत नाही. मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

जनेल ढगांकडे बघत होती. मी कुंपणावर होतोच.

आर्लिस हसू लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती खोक्यावर बसून डोळे पुसत हसत राहिली. पाल्मर गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"आणि माझ्या शब्दाचं काय?" तिने मेरिलीला विचारलं. "परवाना गेला की येईन म्हटलं होतं मी."

"आई, तू इथे एकटी राहू नयेस, एवढंच माझं म्हणणं होतं. तुझा शब्द मी तुला परत दिला," मेरिली म्हणाली, आणि तिने स्वतःच वरचं खोकं उचलून आत नेलं.

आर्लिस उठली. लॅम्बर्टच्या कोटाची कॉलर तिने सरळ केली, जरा जोरातच. "पुढच्या शनिवारी पाद्री मोकळा आहे का, विचारून ये. तोवर मी खुराड्याकडे येणार नाही."

ती खरंच गेली नाही. लग्न होईपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी ती माझ्या बाजूला, कुंपणाच्या या अंगाला, खुर्ची टाकून बसली, आणि लॅम्बर्ट आत पक्षी मोजताना चुकला की तिथून ओरडून त्याला पुन्हा मोजायला लावत होती.